तुमच्या नावाने मत कोणी दिले?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू आहे आणि तुमच्या पेढीच्या नावाने भलताच इसम बोली लावून मोकळा झाला, तर तुम्ही काय कराल? आडत्याला जाब विचाराल, चार व्यापारी गोळा कराल, तो सौदा रद्द करायला लावाल. नावावरच धंदा चालतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु सरकार नियम करण्यापूर्वी जनतेचे मत मागवते, तेथे आपल्या नावाने कोणी काय लिहून दिले याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

प्रश्न इंटरनेटचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. कराडच्या बागवानाला मालाचा भाव आज मोबाईलवर कळतो. साताऱ्याचा आतार ऑर्डर मोबाईलवर घेतो. मिरजेच्या सतारमेकरचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत आहे आणि ते तंबोऱ्याचा फोटो आधी मोबाईलवर पाहते. तेव्हा इंटरनेटचे नियम हे आपल्या बाजारपेठेचे नियम झाले आहेत.

आपल्या देशात या बाबतीत जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'ट्राय' या संस्थेने ९ डिसेंबर २०१५ रोजी एक टिपण काढून चार प्रश्न विचारले. मुख्य प्रश्न असा, की काही ठराविक वेबसाइट फुकट किंवा स्वस्त आणि बाकीच्या महाग, असा दरातला भेद कंपन्यांना करू द्यावा काय? त्या वेळी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आणली होती. गरिबाला काही वेबसाइट फुकट, असे तिचे गोड रूप होते. मात्र त्या यादीत कोण बसणार याच्या अटी फेसबुकच्या. मिरजेच्या एखाद्या कारागिराने पदरचे पैसे घालून स्वतःची वेबसाइट केली, तर ती त्या अटींत बसवून घेतल्याखेरीज फुकटच्या यादीत येणार नव्हती. गिऱ्हाईक फुकटच्या दुकानात शिरणार की पैसे मोजून तुमच्याकडे येणार, हे दुकानदाराला सांगायला नको.

मग फेसबुकने आपल्या सभासदांपुढे तयार पत्र ठेवले. बटण दाबले की तुमच्या नावाने ट्रायकडे पाठिंबा रवाना! ट्रायकडे एकूण सुमारे २४ लाख पत्रे आली आणि त्यांतील सुमारे १९ लाख या योजनेच्या बाजूची होती. आकडा पाहून कोणालाही वाटावे की निकाल लागला. पण ट्रायने जे चार प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरे त्या पत्रांत नव्हती. हा काही मतांचा कौल नव्हे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत, असे ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला सुनावले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने दरातील भेदाला बंदी घातली. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. लागलीच फेसबुकने ती योजना भारतातून काढून घेतली.

न्यायाने बोलायचे तर तयार मजकूर विरुद्ध बाजूनेही वापरला होता. भेदभावाच्या विरोधातील मोहिमेतून सुमारे ४ लाख ८४ हजार पत्रे गेली, तीही बहुतेक एका छापाची. फरक इतकाच की त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती. माझ्या मते हा फरक मोठा आहे. तरीही एकाने लिहावे आणि लाखांनी अंगठा उठवावा ही सवय चांगली नाही, मग बाजू आपल्या आवडीची का असेना.

भारतात निदान बटण दाबणारा माणूस खरा तरी होता. अमेरिकेत त्याचीही गरज उरली नाही. तेथील दळणवळण आयोगाने २०१७ मध्ये याच विषयावर मते मागवली, तेव्हा सुमारे २ कोटी २० लाख मते जमा झाली. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख मते बनावट होती! जिवंत माणसांची नावे त्यांना न विचारता वापरली होती, मेलेल्यांचीही वापरली होती. सुमारे ८५ लाख मते ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून आली होती. मते गोळा करण्याचे काम जाहिरातवाल्यांना ठेक्याने दिले होते. बक्षिसाचे, गिफ्ट कार्डाचे आमिष दाखवून लोकांकडून संमती घ्यायची असे ठरले होते. ठेकेदारांनी तेवढेही कष्ट न घेता जुन्या याद्यांतील नावे भरून टाकली. ब्रॉडबँड कंपन्यांना ही लबाडी ठाऊक असल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे. तीन ठेकेदारांना मिळून ४४ लाख डॉलर भरावे लागले. आणि दुसऱ्या बाजूची सुमारे ७७ लाख मते कॉलेजात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका पोराने बनावट नावांनी एकट्याने घातली होती.

आयोगाने १४ डिसेंबर २०१७ रोजी जुने नियम रद्द केले ते केलेच. दंड झाला तो साडेतीन वर्षांनी.

आता आपल्या गावाकडे पाहा. प्रदर्शनात लकी ड्रॉचे कूपन भरताना आपण नाव, पत्ता, मोबाईल नंबर बिनदिक्कत लिहून देतो. सिमकार्डासाठी २०२३ पर्यंत आधारची झेरॉक्स देत होतो, ती पुढे कोणाच्या हाती जाते याची विचारपूस करत नव्हतो. अमेरिकेत नावे अशाच याद्यांतून उचलली गेली.

समाजाला जवळचे उदाहरण वक्फ दुरुस्ती विधेयकाचे. २०२४ मध्ये संयुक्त संसदीय समितीने मते मागवली, तेव्हा गावोगावी क्यूआर कोडचे कागद फिरले. स्कॅन करा, मजकूर तयार आहे, पाठवा. विरोधात फिरले तसे बाजूनेही फिरले. समितीकडे सुमारे ९७ लाख निवेदने जमली. आणि झाले काय? एवढे मेल आले कोठून, परदेशातून तर नाहीत ना, याची चौकशी करा अशी मागणी समितीतीलच एका सदस्याने केली. ज्या माणसाने मनापासून पाठवले, त्याचे मतही एकाच छापाचे असल्यामुळे संशयाच्या पोत्यात पडले. मला सर्वांत जास्त हेच लागते. खोट्या गवाहीने खऱ्या साक्षीदाराचाही इतबार जातो.

सरकारकडेही बोट दाखवले पाहिजे. लोकांच्या खाजगी माहितीबाबतच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये निघाला. गिऱ्हाइकांची नावे व नंबर कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर ठेवणाऱ्या दुकानदारालाही हा कायदा लागू होतो. पण केंद्राचे राजपत्र निघते हिंदी-इंग्रजीत; सांगली-साताऱ्याच्या पेठेत ते कोणी वाचावे? मते घेतली, परंतु कोणी काय म्हटले ते उघड करणार नाही असे आधीच जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीरही झाले. ट्राय आलेली मते प्रसिद्ध करते, त्यामुळे १९ लाखांचा घोळ जगाला दिसला. झाकलेल्या मुठीत खरे किती, बनावट किती, हे कळणार कसे? उलट २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायने १० लाखांवर लोकांचे ई-मेल पत्ते जसेच्या तसे जाहीर केले आणि लोक भडकले, तेही रास्तच होते. मत उघड करावे, पत्ता झाकावा, इतके साधे काम आहे.

आपल्या व्यापारी संघटनांनी एवढे तरी करावे. असा मसुदा निघाला की एखाद्या शिकलेल्या पोराकडून तो मराठीत समजून घ्यावा आणि बैठकीत वाचावा. मग ज्याचा त्याने दुकानाच्या लेटरहेडवर आपला अनुभव लिहावा. कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो तो क्रमांक घालावा, खाली स्वतःची सही करावी आणि एक प्रत फाईलला ठेवावी. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते माणसे मोजून नव्हे. वाद्य कोठे, कसे आणि किती पिढ्यांपासून घडते, याचे कागद मांडले म्हणून मिळाले.