नळीवरची तारीख

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. त्यासाठी त्यांना किती वर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. प्रशासनातील माणूस या नात्याने मला मात्र त्यापुढचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. अशा स्वनिर्मित विमानाच्या ब्रेकची रबरी नळी दहा वर्षांनी कोण बदलणार, आणि ती बदलली हे कोण पाहणार?

विमानाच्या हायड्रॉलिक नळीवर सहसा निर्मितीचे वर्ष आणि तिमाही छापलेली असते. उष्णता, ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात; कधी बाहेरून नळी धडधाकट दिसते आणि आतला थर सुटून तेलाची वाट अडवतो. दाबाखाली नळीची लांबी किंचित कमी होते, म्हणून ती बसवताना पाच ते आठ टक्के सैल ठेवतात. नळीच्या अंगावरची सरळ रेघ वळलेली दिसली, तर नळी पिळून बसवली आहे असे समजावे. टेफ्लॉनची नळी अधिक टिकते, पण एकदा ठरलेला तिचा बाक काढताना सरळ करू नये. आणि लाल खनिज तेलाच्या जागी मोटारीचे ब्रेक ऑइल घालणे म्हणजे आतील सील फुगवून घेणे होय.

कारखान्यात बनलेल्या विमानाबरोबर देखभालीची पुस्तिका येते. स्वनिर्मित विमानाची पुस्तिका बांधणाऱ्यानेच लिहायची असते. ती पुष्कळदा त्याच्या डोक्यातच राहते.

विमान उडत नसले तरी नळीचे वय थांबत नाही. आमच्या रायपूरला हे वेगळे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेले युनायटेड एअरवेजचे एमडी-८३ इंजिनाच्या बिघाडामुळे येथे तातडीने उतरले. प्रवासी गेले, पुढे कंपनीच बंद पडली, विमान मात्र वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहिले. त्या काळात पत्रव्यवहार झाला तो मुख्यतः थकलेल्या भाड्याचा!

आपल्या यंत्रणेचा सारा जीव परवानगीच्या स्वाक्षरीत असतो. पुलाचे उद्घाटन होते, जलशुद्धीकरण केंद्राचे होते. गॅस्केट बदलण्यासाठी लेखाशीर्ष सापडत नाही. अमेरिकेत स्वतः विमान बांधणाऱ्याला त्याच विमानापुरते दुरुस्तीचे प्रमाणपत्र मिळू शकते व दर वर्षी तपासणीची नोंद करावी लागते. विमान विकले, तर तो अधिकार नव्या मालकाकडे जात नाही. हे मला शहाणपणाचे वाटते. परवानगीसाठी छळायचे आणि नंतर विसरून जायचे, यापेक्षा परवानगी लवकर द्यावी, पण तिच्या अटींतच प्रत्येक नळीची जागा, निर्मितीची तिमाही आणि बदलण्याची तारीख यांची नोंदवही असावी. तपासणी अधिकाऱ्याने प्रथम ती मागावी. चहा नंतर घ्यावा.