विश्लेषण : मोबाइलवरचा ‘ल’ मराठी की हिंदी? र. कृ. जोशी यांची आठवण आज का हवी?

हा मजकूर वाचताना क्षणभर थांबा आणि पडद्यावरचा ‘ल’ नीट पाहा. त्याच्या उजवीकडे उभा दंड असेल, तर तो हिंदीच्या वळणाचा. दोन पाकळ्या मधोमध जुळलेल्या असतील, तर मराठीच्या. असा फरक पाहायची नजर देणारे शिक्षक म्हणजे र. कृ. जोशी.

र. कृ. जोशी कोण होते?

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) हे सुलेखनकार, अक्षररचनाकार आणि कवी. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते शिकले. ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत त्यांनी दीर्घकाळ कलादिग्दर्शक म्हणून काम केले. १९८३ ते १९९६ या काळात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे ‘आयडीसी’त, ते प्राध्यापक होते. भारतीय भाषांचे ध्वनी एकाच लिपीत मांडू पाहणारी ‘देशनागरी’ हाही त्यांचाच प्रयोग.

‘मंगल’शी त्यांचा संबंध काय?

निवृत्तीनंतर त्यांनी संगणकाच्या अक्षरांवर काम केले. ‘विंडोज २०००’बरोबर आलेला देवनागरी फाँट ‘मंगल’ त्यांचा. तमिळचा ‘लता’, गुजरातीचा ‘श्रुती’, कन्नडचा ‘तुंगा’ यांमागेही तेच होते. कार्यालयात मराठी टंकलेखन केलेल्या असंख्य लोकांनी त्यांचे अक्षर वापरले. नाव मात्र क्वचितच कुणाला ठाऊक होते.

हे काम अवघड का होते?

देवनागरीत अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही. ‘कि’मधील वेलांटी टंकताना नंतर येते, पण दिसते आधी. ‘क्ष’, ‘त्र’, ‘ज्ञ’ यांत मूळ अक्षरे ओळखूही येत नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा भेद यंत्राला कळला नाही तर अर्थच बदलतो. टंकलेखन यंत्राच्या काळात यंत्राच्या सोयीसाठी लिपी छाटली गेली. नव्या फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियमच लिहून ठेवता येतात. ते लिहिणाऱ्याला तंत्र तर कळावे लागतेच, पण बोरूच्या तिरक्या टोकामुळे रेघ कुठे जाड होते आणि कुठे बारीक, हेही हाताला ठाऊक असावे लागते. जोशींकडे दोन्ही होते.

मग ‘ल’चा घोळ का?

संगणकात हिंदी आणि मराठीच्या ‘ल’ला एकच सांकेतिक क्रमांक आहे. रूप कोणते दाखवायचे, हे फाँट ठरवतो. मराठी रूप फाँटमध्ये असले, तरी मजकूर मराठी आहे अशी नोंद अॅपने किंवा संकेतस्थळाने केली नाही, तर ते दिसतच नाही. ‘श’चेही तसेच. राज्य सरकारने २००९ मध्ये वर्णमालेबाबत निर्णय घेऊन पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले. तरीही शाळेत गिरवलेले अक्षर एक आणि फोनवरचे दुसरे, अशी मुलांची स्थिती आहे.

पुढे काय?

जोशींची आठवण म्हटली की सुलेखनाचे प्रदर्शन भरते, भिंतीवर सुंदर ‘श्री’ लागतो. त्यात वावगे काही नाही, पण तेवढ्याने भागत नाही. कारण जाहिरातीतून वर्गात आणि वर्गातून संगणकावर गेलेल्या या माणसाने अक्षराला केवळ शोभेची वस्तू मानले नाही, रोजच्या वापराची मानले. म्हणून त्यांच्या आठवणीची खरी कसोटी सरकारी संकेतस्थळांवर, बँकांच्या अॅपवर आणि आमच्यासारख्या वृत्तपत्रांच्या पानांवर आहे. तिथे मराठीला मराठीचे अक्षर मिळायला नवा शोध लागणार नाही. मागणी करणारे वाचक लागतील. आता पुन्हा एकदा तो ‘ल’ पाहा.