विश्लेषण : १७९ बळी घेणाऱ्या पालवणकर बाळूंना कर्णधारपद का मिळाले नाही?

सन १९३७. मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक. भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेसाठी एका बाजूला होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तर दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे उमेदवार पालवणकर बाळू. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. परळ-भोईवाडा, लालबागच्या गिरणगावात आंबेडकर घराघरांत पोहोचलेले होते. त्यांच्या समोर उभे राहून इतकी मते घेणारा हा माणूस मुळात राजकारणी नव्हता. तो होता क्रिकेटपटू, भारताच्या पहिल्या मोठ्या गोलंदाजांपैकी एक. त्याची कारकीर्द आज पुन्हा का वाचायची, याचा हा आढावा.

कोण होते पालवणकर बाळू?

डावखुरे फिरकी गोलंदाज असलेल्या बाळूंचा जन्म १८७६ चा. कुटुंब मूळचे कोकणातले आणि चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत अस्पृश्य. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊही पुढे मोठे क्रिकेटपटू झाले. बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत. सरासरी आहे १५.२१. आजच्या कोणत्याही गोलंदाजाला हेवा वाटावा अशी ही आकडेवारी. भारताने पहिला कसोटी सामना खेळला १९३२ मध्ये. तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते, त्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘कसोटीपटू’ हा शब्द कधीच लागला नाही.

मैदानावर पहिले काम कोणते?

झाडलोटीचे. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर ते महिना तीन रुपये पगारावर कामाला लागले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांची नोकरी मिळाली. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, जाळी लावायची आणि साहेब सरावाला आले की चेंडू टाकायचे, असा दिनक्रम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असे त्याने बाळूंना सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. या सरावाने बाळूंची गोलंदाजी घडली. फलंदाजी ही मात्र साहेब लोकांची मिरास होती. क्लबमध्ये त्यांच्या हाती बॅट दिली जात नसे.

जिमखाने आणि सरदार-दरकदार हौसेखातर खेळत होते, तेव्हा बाळूंचे पोट मैदानावर होते. त्या अर्थाने भारतीय क्रिकेटमधल्या सुरुवातीच्या व्यावसायिकांमध्ये त्यांची गणना करावी लागते.

हिंदू संघात प्रवेश कसा मिळाला?

पुण्यातल्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य होता. शेवटी बाळूंना संघात घेतले गेले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबईत आले आणि रेल्वेत नोकरीला लागले. इथेही हिंदू जिमखान्याच्या काही सदस्यांचा त्यांना विरोध होता. पण सामने जिंकायचे तर बाळू हवेतच, या व्यवहाराने विरोधावर मात केली.

त्या वेळी मुंबईतले मोठे क्रिकेट धर्मवार संघांत खेळले जाई. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू आणि १९१२ पासून मुस्लीम, अशी ही चौरंगी स्पर्धा. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद साजरा झाला. हा विजय मिळवून देणाऱ्या हातांचा स्पर्श चालत नाही, ही विसंगतीही त्या निमित्ताने सुधारकांनी बोलून दाखवली.

इंग्लंडचा दौरा का महत्त्वाचा?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली. बाळूंनी मात्र एकट्याच्या जोरावर दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते.

मग कर्णधारपद का नाही?

गोलंदाजाला संघात घेणे वेगळे आणि त्याच्या हुकमाखाली खेळणे वेगळे. कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, कोणी कधी चेंडू टाकायचा ते ठरवतो आणि संघाच्या वतीने बोलतो. सवर्ण खेळाडूंनी एका चर्मकाराचे आदेश पाळायचे, ही पायरी चढायला जिमखान्याची निवड समिती तयार नव्हती. १९१३ मध्ये कर्णधारपद मिळालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता.

१९२० मध्ये समितीने बाळूंना संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. वृत्तपत्रांत वाद पेटला. अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले आणि अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेल्यावर संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. एवढेच नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाच्या वेळी बंद असलेले दार भावांच्या बहिष्कारानंतर तीन वर्षांत उघडले.

जगात अन्यत्र काय घडत होते?

अगदी याच वर्षांत अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलची, म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळल्या जाणाऱ्या तिथल्या खेळाची, लीग सुरू झाली. १९२० च्या पहिल्याच मोसमात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू अ‍ॅक्रन संघाकडून खेळला आणि त्या संघाने विजेतेपद पटकावले. १९२१ मध्ये पोलार्ड संघाचा सहप्रशिक्षकही झाला. पण तिथे दार उघडून पुन्हा बंद झाले. १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पोलार्डनंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तो १९८९ मध्ये. लीगच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोलार्डचे नाव आले २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी. खेळ वेगळा, देश वेगळा; पण घाम चालतो आणि हुकूम चालत नाही, हा नियम दोन्हीकडे तोच होता.

परळमध्ये दोघे समोरासमोर कसे आले?

परळ हे आंबेडकरांचे घर. इथल्या बीआयटी चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम केले. तरुण आंबेडकरांना बाळूंच्या यशाचा अभिमान होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. हिंदू समाजात राहून, त्याचे मन वळवून समता मिळवता येईल, यावर बाळूंचा विश्वास होता. आंबेडकर स्वतंत्र राजकीय हक्कांची मागणी करत होते. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत आणि ज्या राखीव जागेवर ते पुढे लढले, ती याच करारातून आलेली. १९३७ मध्ये काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. मतदारांपुढे एका बाजूला समाजाचा पहिला नायक होता, दुसऱ्या बाजूला नेता. २,०२० मतांनी नेता जिंकला.

आज यातून काय घ्यायचे?

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. ‘मैदानावर जात नसते’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते. बाळूंची कारकीर्द ते तपासून पाहायला लावते. मैदानाने त्यांना चेंडू दिला, कारण त्यांच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता. निवड समितीच्या खोलीत अशी अडचण नव्हती, म्हणून तिथे जात उरली. त्यामुळे आजही एखाद्या खेळात समान संधी आहे का, हे पाहताना अकरा जणांची यादी पुरेशी नाही. कर्णधार कोण, प्रशिक्षक कोण आणि निवड समितीत कोण बसले आहे, या याद्याही वाचायला हव्यात. १७९ बळींच्या शेजारी ‘कर्णधार : शून्य सामने’ ही नोंद ठेवली, तरच बाळूंचा हिशेब पूर्ण होतो.