कोपरा कुणाच्या भरवशावर?

महाविद्यालयीन कबड्डी संघाची हंगामापूर्वीची चर्चा बहुधा चढाईपटूंभोवतीच फिरते, आणि तसे होणे समजण्यासारखे आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यातून निसटून मध्यरेषा गाठणारा गडी प्रेक्षकांच्या लक्षात राहतो, तर त्याच सामन्यात दहा वेळा योग्य जागी उभा राहिलेला कव्हरचा बचावपटू कुणाला आठवत नाही. तरीही भिवापूरसारख्या, नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकावरील तालुक्याच्या गावातून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणाऱ्या संघाने चिंता करायचीच झाली, तर ती बचावफळीची करावी, कारण चांगला चढाईपटू एखाद्या खेड्यातल्या मैदानावर आपोआप तयार झालेला सापडू शकतो, परंतु बचावफळी अशी सापडत नाही, ती घडवावी लागते आणि तिला वेळ लागतो.

ही चिंता केवळ कबड्डीची नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे नावाने फुटबॉल असूनही मुख्यतः हाताने खेळल्या जाणाऱ्या खेळात, चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. त्यांतला मधला चेंडू मागे देतो आणि उरलेले चौघे अनेकदा संपूर्ण सामन्यात चेंडूला हात न लावता केवळ समोरच्यांना थोपवून धरतात. ही फळी आक्रमणाची असली, तरी तिचे काम रक्षणाचे असते, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी तिथल्या जाणकारांना तिचीच काळजी सर्वाधिक वाटते, कारण पाचांपैकी एकाचे पाऊल चुकले की उरलेल्या चौघांचे श्रम वाया जातात. कबड्डीत या फळीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दोन कोपरे आणि दोन कव्हर यांची साखळी होय.

कबड्डीच्या सात जणांच्या रचनेत दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात, त्यांच्या शेजारी ‘इन’, मग कव्हर आणि मधोमध सेंटर. इन आणि सेंटर या जागांवर सहसा चढाईपटू उभे केले जातात, त्यामुळे पकडीचा खरा भार कोपरे आणि कव्हर या चौघांवर येतो. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते, पण दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी झटापट सुरू झाल्यावरच खेळात येत असल्याने प्रारंभी रुंदी 8 मीटरच मिळते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी चढाईपटूने ओलांडावयाची रेषा असते. तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटर जागा उरते. या चिंचोळ्या पट्टीत उभे राहून चढाईपटूला आत येऊ द्यायचे, पण परत जाऊ द्यायचे नाही, असा हा उलटा वाटणारा व्यवहार आहे.

पकड यशस्वी कशी होते हे पाहिले, तर चिंतेचे कारण स्पष्ट होते. चढाईपटू बोनस गुणासाठी बोनस रेषेपलीकडे पाय लांबवतो किंवा वळण्यासाठी भार एका पायावर घेतो, त्या क्षणी कोपरारक्षक घोटा धरतो. पण घोटा धरल्याने चढाईपटू थांबतो, संपत नाही. त्याच क्षणी कव्हरने मध्यरेषेकडची वाट अडवून मांडी किंवा कंबर धरली नाही, तर सशक्त चढाईपटू कोपऱ्याला ओढत नेतो आणि बोटाच्या टोकाने मध्यरेषा शिवली, तरी झटापटीत त्याला हात लावणारे सगळे बाद ठरतात. एका पकडीचा गुण एक, मात्र फसलेल्या सामूहिक पकडीची किंमत तीन किंवा चार गुणही असू शकते. म्हणूनच दोन उत्तम, पण परस्परांना न ओळखणारे बचावपटू हे एका सामान्य बचावपटूपेक्षा अधिक धोकादायक असतात. सर्व गडी बाद होऊन लोण चढण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एका उतावीळ घोट्यापासून होते.

हे परस्परांना ओळखणे महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने येते, आणि महाविद्यालयीन संघाकडे नेमका तोच काळ कमी असतो. तीन वर्षांच्या पदवीमुळे संघातील अनुभवी मुले ठरावीक काळाने बाहेर पडतात आणि नवी मुले पावसाळ्यात प्रवेश घेतात, म्हणजे सरावाला सर्वांत प्रतिकूल ऋतूत. विदर्भाची काळी माती ओली झाली की तळव्याला चिकटते व सरकते. तशा जमिनीवर धाव आणि दम यांचा सराव करता येतो, पण अंग झोकून देण्याची पकड शिकवणे म्हणजे घोटे आणि गुडघे पणाला लावणे होय. पाऊस ओसरतो तेव्हा सोयाबीनची कापणी येते, त्यामागून कापूस आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीची तोडणी, आणि शेतकरी घरातील मुलाला संध्याकाळच्या सरावापेक्षा वावर महत्त्वाचे ठरते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय खेड्यापाड्यांतून येणाऱ्याला परतीची एसटी गाठायची असते, त्यामुळे चौघे एकाच वेळी मैदानावर असण्याचे दिवस आणखी घटतात.

बचावाचे मोल सर्वोच्च पातळीवर किती असते, हे 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत दिसले. 1990 मध्ये बीजिंगला कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक जिंकणारा भारत उपांत्य सामन्यात इराणकडून 18-27 असा हरला. फझल अत्राचली या कोपरारक्षकाच्या नेतृत्वाखालील इराणी फळीने भारताच्या नामांकित चढाईपटूंना जागोजागी अडकवले. भारताकडे गडी होते, पण त्या दिवशी इराणकडे साखळी होती. ज्या विदर्भातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, त्या विदर्भाला हा धडा जकार्ताहून आणावा लागावा, हे जरा गमतीचेच.

मग हंगामापूर्वीच्या मोजक्या आठवड्यांत काय साधावे? कोपरा व कव्हर यांच्या जोड्या आधी ठरवाव्यात आणि चढाईपटूंची निवड त्यानंतर करावी. गावाकडच्या मैदानावर नाव कमावलेल्या मुलाला चढाईचा मोह सोडून कव्हरवर उभे करणे प्रशिक्षकाला जड जाते, पण ते करावेच. दुसरे म्हणजे तिघांच्या बचावाचा स्वतंत्र सराव हवा, कारण तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केल्यास एक अधिकचा गुण मिळतो, ज्याला अव्वल पकड म्हणतात, आणि सामना फिरतो तो अनेकदा तिथेच. राखीव खेळाडूंचा विचार तर बहुतेक संघ शेवटी करतात. बारा जणांच्या यादीत पाच राखीव असतात. त्यांत एकही कोपरारक्षक न घेता आणखी एक चढाईपटू घेऊन नागपूरला जाणारा संघ डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळताच एखाद्या चढाईपटूला तिथे उभे करतो, तो पहिल्याच पकडीत बाद होतो, आणि मग चढाईलाही माणूस उरत नाही.