नायक जग्वार, आणि कथा पुराची

पांतानालविषयी जे लिहिले जाते, त्यात नायक बहुधा एकच असतो: जग्वार. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांत पसरलेला सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरांचा हा पाणथळ प्रदेश पर्यटनाच्या भाषेत एका प्राण्याची पार्श्वभूमी होऊन बसला आहे. कुयाबा नदीच्या काठी जग्वार दिसला, की बिनतारी यंत्रावरून वर्दी जाते आणि बघता बघता त्याच्यासमोर होड्यांची गर्दी होते.

याची टिंगल करण्याचे कारण नाही. इथली बहुतेक जमीन खाजगी, गुरे पाळणाऱ्यांची. जग्वार गुरे मारी आणि मालक जग्वारला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या वैराचा हिशेब मांडला: जग्वार-पर्यटनाचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर, तर त्याने गुरांचे केलेले नुकसान अंदाजे सव्वा लाख डॉलर. भूतदयेच्या उपदेशाने जे एरवी साधत नाही, ते असा हिशेब साधू शकतो.

आक्षेप आहे तो कथानकाबद्दल. ही कथा मुळात पुराची आहे. पावसाळ्यात नद्या काठ सोडतात. जमिनीचा उतार इतका अल्प, की पाण्याला उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकायला महिने लागतात. मासे, करकोचे, कॅपिबारा, केमन सुसरी आणि त्यांना खाणारा जग्वार, सारे या चढ-उतारावर जगतात. पर्यटक मात्र प्रामुख्याने कोरड्या महिन्यांत येतो, कारण तेव्हा जनावरे नदीकाठी दिसतात. पूर छायाचित्रात मावत नाही. तो जिथून येतो त्या पठारावरची सोयाबीनची शेते आणि धरणे तर सहलीच्या नकाशाबाहेरच राहतात.

२०२० च्या वणव्यांत पांतानालचा पाव भागाहून अधिक प्रदेश जळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लादारियू येथे पाराग्वे नदीची पातळी १९०० पासूनच्या नोंदींतील नीचांकाला गेली. होड्यांची संख्या कितीही काटेकोरपणे बांधून दिली, तरी याला उत्तर मिळत नाही.

कुयाबात जन्मलेला कवी मानुएल द बारोस (१९१६–२०१४) स्वतः पांतानालमधल्या मळ्याचा मालक होता. पण त्याच्या कवितेत गर्दी आहे ती गोगलगायी, सरडे, चिखल आणि टाकाऊ वस्तूंची. (माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना तो सक्तीने वाचायला लावावा, असे मला गंभीरपणे वाटते.) आणि जग्वारच्या दर्शनासाठी घेतलेल्या शुल्कातला एक ठरावीक वाटा पठारावरच्या उगमांच्या रक्षणासाठी जावा, एवढी अट 'शाश्वत' हे विशेषण मिरवणाऱ्या सहलींना घालणे अवघड नसावे.