घंटा कोणी वाजवायची?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बडोद्यास राहणाऱ्या एक भगिनी आमच्या घरी आल्या होत्या. चहापाणी झाले, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग एकाएकी त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा दीर्घ आजारामुळे शाळेला अंतरला होता. वर्ष फुकट जाऊ नये म्हणून त्याचे नाव दहावीसाठी मुक्त विद्यालयात घातले, त्याला स्वतंत्र मोबाईल घेऊन दिला आणि पाठ घरबसल्या मिळतात म्हणून आईवडील निर्धास्त झाले. मुलगा रोज खोलीचे दार लावून, कानांत इअरफोन घालून बसे. तो शिकत आहे असे साऱ्या घराने धरून चालले. कित्येक महिन्यांनी उलगडा झाला, तेव्हा स्वाध्याय धाडण्याची मुदत टळून गेली होती आणि गणिताच्या पुस्तकाचे पहिले प्रकरणही संपले नव्हते. "मी सातवी शिकलेली बाई," त्या म्हणाल्या, "मी त्याला काय शिकवणार होते?"

हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा घरोघरी तो विचारला गेला. पुढे शाळा उघडल्या. परंतु आजारपण, वारंवार होणाऱ्या बदल्या, खेळाचा सराव किंवा घरची अडचण यांमुळे ज्यांना पडद्यावरूनच शिकावे लागते, अशा मुलांच्या घरी तो अद्याप उभाच आहे.

अशा मुलांसाठी सोय नाही असे मुळीच नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था 1989 साली स्थापन झाली. तिच्या दहावीच्या अभ्यासक्रमास मराठी माध्यम घेता येते, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाठ्यपुस्तके विद्यार्थ्याने स्वतः वाचून समजून घ्यावीत अशा बेताने लिहिलेली असतात, आणि ध्वनिचित्रित पाठ 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर विनामूल्य मिळतात. एकदा नाव नोंदविले की पाच वर्षांपर्यंत, वर्षातून दोन वेळा होणाऱ्या परीक्षांतून एकेक दोनदोन विषय घेत उत्तीर्ण होता येते.

परंतु वाचकहो, हे पाच वर्षांचे स्वातंत्र्य दुधारी आहे. आजारी मुलास ते वरदान ठरते. आणि आजचे उद्यावर ढकलण्याची सवय जडलेल्या मुलास तेच नकळत बुडविते. शाळा केवळ धडे शिकवीत नाही. ती घंटा वाजविते, हजेरी घेते, शेजारच्या बाकावर एक सोबती बसविते. आणि मुलाचा चेहरा उतरला तर शिक्षकाची नजर त्याच्यावर थबकते. पडदा धडा देतो. या बाकीच्या गोष्टी तो देऊ शकत नाही. त्या घरालाच द्याव्या लागतात. बीजगणित न येणाऱ्या आईलाही त्या देता येतात, हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. अभ्यासाचे वेळापत्रक मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे आणि ते सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावावे. पण ते माणसाला पेलेल असे असावे. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक सूचनावली काढली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दिवसाकाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे चारपेक्षा अधिक ऑनलाईन तास नसावेत, असे तिने सुचविले होते. ते माप आजही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. पडद्यापुढे सहा तास बसला म्हणजे सहा तास शिकला, असा हिशेब कोणी मांडू नये. उरलेला वेळ पुस्तक, वही आणि मोकळी हवा यांचा आहे.

दुसरी गोष्ट जागेची. बंद दारापेक्षा बैठकीच्या खोलीतील एक कोपरा बरा. तो पहारा वाटू नये म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनीही त्या वेळी दूरदर्शन बंद ठेवावे आणि स्वतःचा मोबाईल बाजूस सारावा. घरात एकच मोबाईल असेल, तर पाठ सवडीने उतरवून घ्यावेत आणि कोणाची पाळी केव्हा, हे आदल्या रात्री ठरवावे. ऐन वेळच्या ओढाताणीत धाकट्यांचा, आणि पुष्कळदा मुलींचा, अभ्यास मागे पडतो.

तिसरी गोष्ट हाताची. पाठ पडद्यावरचे असले तरी मुक्त विद्यालयाची मुख्य लेखी परीक्षा केंद्रावर जाऊन, उत्तरपत्रिकेवर पेनने लिहून द्यावयाची असते. आणि लेखी विषयांत शेकडा वीस गुण घरी लिहिलेल्या स्वाध्यायाचे असतात. ज्याने वर्षभर नुसते पाहिले आणि ऐकले, त्याचा हात त्या दिवशी चालत नाही. म्हणून प्रत्येक पाठामागे वहीचे एक पान भरले पाहिजे, असा घरचा नियमच असावा. स्वाध्यायाची शेवटची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत मोलाची. रात्री जेवण झाल्यावर आईने किंवा वडिलांनी दहा मिनिटे मुलाजवळ बसून म्हणावे, "अरे, आज काय वाचलेस ते मला समजावून सांग बघू." आपल्याला तो विषय येत नाही, हेच येथे आपले बळ. न समजणाऱ्याला समजावून सांगताना मुलाला स्वतःचे न समजलेले आपोआप कळते. आणि आपले शिकणे कोणीतरी ऐकते आहे, हे समाधान त्यास लाभते ते वेगळेच.

याशिवाय, मुलास एकटे पडू देऊ नये. अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग भरतात, तेथे त्याला आवर्जून पाठवावे. त्याच इयत्तेचा एखादा सोबती शोधून आठवड्यातून दोनदा दोघांना एकत्र बसवावे. आणि मूल मागे पडले असे आढळले तर मोबाईल हिसकावू नये, शेजाऱ्यांपुढे बोलू नये. अबोल झालेले मूल पुष्कळदा आळशी नसते. ते घाबरलेले असते. झोप, भूक किंवा हसणे हरपले असेल, तर अभ्यास बाजूस ठेवून आधी डॉक्टरांस दाखवावे.

बडोद्याच्या त्या मुलानेही पुढे आईजवळ कबूल केले की पहिल्या महिन्यातच गणित समजेनासे झाले होते. पण घरच्यांनी एवढा खर्च केला, आता सांगावे कसे, या लाजेने तो गप्प राहिला. आता येत्या एप्रिलमध्ये आधी दोनच विषयांची परीक्षा द्यावयाची, असे मायलेकांनी ठरविले आहे. गणित मागाहून. संध्याकाळी साडेसातला आई भांडी आवरून बसते आणि तो तिला इतिहास सांगतो. तो उत्तीर्ण होईल की नाही, हे आज कोण सांगणार? परंतु खोलीचे दार उघडे झाले आहे.

पालकहो, शाळा घरात आली आहे. तिची घंटा मात्र आपल्या हाती आहे. ती रोज, वेळेवर आणि प्रेमाने वाजवावी.