कोल्हापूरला आणखी एक चषक नको, महाविद्यालयांची साखळी हवी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा हंगाम पावसाळा सरून दिवाळी आटोपली की आकार घेऊ लागतो. त्यामुळे गणेशोत्सवाच्या सुमारास निघणाऱ्या अमेरिकेतील मराठी मंडळाच्या अंकात दोन्ही हंगामांचा एकत्र विचार करणे कालोचित ठरते. या विचाराची निकडही आहे. मंडळाच्या मेळाव्यांत, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा भागातून आलेल्या कुटुंबांत, मुलांच्या विद्यापीठाचा संघ कोणत्या शनिवारी कोणाशी भिडणार याची चर्चा तासन्‌तास रंगते. पाटाकडील, प्रॅक्टिस किंवा दिलबहार या कोल्हापूरच्या संघांची नावे मात्र निघालीच तर जुन्या आठवणींपुरती निघतात. त्याच पंगतीतले एखादे मूल ‘भारतात फुटबॉल असतोच कुठे’ असे सहज बोलून जाते, तेव्हा त्याला उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. हे मौन खटकते, कारण अमेरिकेतील हंगामाचे जे कौतुक या घरांत होते, त्यातील निम्मी सामग्री कोल्हापुरात आधीपासून आहे आणि उरलेली निम्मी उभी करण्याचे बळ या घरांत आहे.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. पायाने खेळायच्या फुटबॉलला तेथे सॉकर म्हणतात. दोन्ही खेळांत महाविद्यालयीन पातळीवर ‘कॉन्फरन्स’ ही व्यवस्था चालते. दरवर्षी आपसात ठरलेल्या वेळापत्रकाने सामने खेळण्याचे बंधन स्वीकारलेल्या विद्यापीठांचा समूह म्हणजे कॉन्फरन्स. 1896 साली सात विद्यापीठांनी उभारलेल्या ‘बिग टेन’मध्ये 2024 पासून 18 विद्यापीठे आहेत आणि त्यातील प्रत्येक संघ नियमित हंगामातील 12 सामन्यांपैकी नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतो. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या चार विद्यापीठांना त्यात ओढण्यामागे दूरचित्रवाणीचा पैसा होता आणि त्या पैशाने जुन्या शेजारसंबंधांची बरीच हानी केली, ही टीका रास्त आहे. अनुकरण करायचे ते त्या पैशाचे नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. अनुकरणीय आहे ते वेळापत्रक. पहिला सामना हरलेला संघही पुढच्या आठवड्यात मैदानात उतरतो आणि राखीव खेळाडूलाही हंगामभरात कधीतरी संधी मिळते. मिशिगन आणि ओहायो स्टेट या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची गाठ दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पडणार हे ठाऊक असल्याने त्या सामन्याभोवती पिढ्यांच्या आठवणी साठत जातात.

कोल्हापुरात हेच प्रेम पेठांच्या आश्रयाने वाढले. तालीम ही मूळची कुस्तीच्या सरावाची जागा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने फुललेल्या या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले आणि त्यांचे सामने भरवण्याची जबाबदारी 1940 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे केएसएने, उचलली. येत्या हंगामाचे स्वरूपही परिचितच राहील. आधी खेळाडूंची नोंदणी होईल, कोणाने कोणती तालीम सोडली यावर चौकाचौकांत खल होईल, मग वरिष्ठ गटातील 16 संघांची साखळी स्पर्धा होईल आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषकांच्या बाद स्पर्धा चालतील. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघाला ठरावीक सामने मिळतात, तर बाद पद्धतीत एका पराभवाने संघ घरी जातो, हा फरक पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा. जाणकारांचे लक्ष यंदा तीन गोष्टींवर असेल. गेल्या दशकात अनेक चषक जिंकलेल्या पाटाकडीलला रोखण्याची तयारी शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी यांच्यापैकी कोण करते, तळाचे संघ खालच्या गटात घसरण्यापासून कसे वाचतात, आणि बाहेरगावच्या व परदेशी खेळाडूंच्या गर्दीत पेठेतल्या पोराला किती मिनिटे खेळायला मिळतात, या त्या तीन गोष्टी होत.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिचे मूळ शाहू स्टेडियमच्या बाहेर, महाविद्यालयांत आहे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 साली झाली. त्याच्याशी संलग्न कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ आधी विभागीय स्पर्धेत उतरतात, तेथील विजेते आंतरविभागीय स्पर्धेत जातात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाऊन पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. निवडीची ही उतरंड कागदावर नीटनेटकी दिसते. परंतु विभागीय स्पर्धा बाद पद्धतीची असून मोजक्या दिवसांत उरकते. अशा स्पर्धेत 16 महाविद्यालये उतरली, तर त्यातील आठ महाविद्यालयांचा वर्षभराचा फुटबॉल एकाच सामन्यात संपतो. तासांनंतर महिनोन्‌महिने सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षातून एक तासाची स्पर्धा मिळत असेल, तर त्या स्पर्धेतून खेळाडू निवडले जातील, पण घडणार नाहीत. राजाराम, गोखले, न्यू कॉलेज, शहाजी, विवेकानंद, महावीर या महाविद्यालयांत तालमींकडून खेळणारी मुले शिकतात. तरीही त्यांचे सामने पाहायला त्यांचेच वर्गमित्र येत नाहीत, कारण सामना कधी आणि कोठे आहे हे आदल्या दिवसापर्यंत कोणाला ठाऊक नसते.

याचा परिणाम उघड आहे. विद्यार्थी महाविद्यालयात नावापुरता राहतो आणि मनाने तालमीचा होतो. तालीम त्याला वर्षभराचा सराव, पेठेची ओळख आणि थोडेफार मानधन देते. त्यात गैर काही नाही, उलट तालमी नसत्या तर कोल्हापुरात फुटबॉलच उरला नसता. मात्र तालमीला सामना जिंकायचा असतो, म्हणून ती तयार खेळाडू बाहेरून आणते आणि 18 ते 21 या घडण्याच्या वयातला मुलगा राखीव बाकावर बसतो. ज्याला पुढे जायचे असते तो गाव सोडतो. 2017 साली 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत झाली होती. त्या स्पर्धेतील भारताचा पहिला सामना दिल्लीत अमेरिकेशीच झाला होता, ही गोष्ट मेळाव्यांतल्या मुलांना कोणी सांगितली असती, तर भारतात फुटबॉल नसतो असे त्यांनी म्हटले नसते. चषकांमागून चषक भरवत राहणे आणि महाविद्यालयीन साखळीला हातच न लावणे, म्हणजे उसाची लागण न करता गुऱ्हाळे वाढवत नेणे होय.

उपाय आवाक्यातला आहे. आठ महाविद्यालयांनी एकमेकांशी एकेक सामना खेळायचे ठरवले, तर प्रत्येकाला सात आणि एकूण 28 सामने होतात. दर शनिवारी चार सामने खेळवले तर सात शनिवारांत साखळी पूर्ण होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पाऊस, परीक्षा आणि केएसएचा हंगाम यांच्यामध्ये ही जागा काढता येते. प्रत्येक महाविद्यालयाचे वेळापत्रक वर्षारंभीच जाहीर व्हावे, दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना दरवर्षी ठरलेल्या शनिवारी व्हावा आणि विद्यापीठाची निवड समिती या सामन्यांना हजर असावी, एवढ्या तीन अटी पाळल्या तरी चित्र पालटेल. बाहेरचा खेळाडू या साखळीत येऊच शकत नाही, कारण तेथे हजेरीपटावरील विद्यार्थीच खेळणार.

मुलींच्या फुटबॉलचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याला स्वतंत्र लेख हवा. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांतील स्त्रियांच्या खेळाला जे बळ दिले, त्याच्या तुलनेत कोल्हापूरच्या मुलींना फार थोडे मिळते. मैदानांचीही रड आहे, कारण शिवाजी पेठेतील गांधी मैदान पावसाळ्यात तळे होते. प्रेक्षकांमधील हुल्लडबाजीबद्दलही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. या सर्व प्रश्नांना येथे न्याय देता येत नाही.

परदेशस्थ कोल्हापूरकरांचे कर्तव्य मात्र येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या मुलांच्या विद्यापीठाच्या संघासाठी हंगामी तिकिटे घेणाऱ्या, त्याचे नाव छापलेले कपडे घरातल्या प्रत्येकाला आणणाऱ्या आणि माजी विद्यार्थी म्हणून देणगीपत्रांना दरवर्षी प्रतिसाद देणाऱ्या कुटुंबांनी आपण स्वतः ज्या महाविद्यालयात शिकलो त्याच्या क्रीडाविभागाला शेवटचे पत्र कधी लिहिले, हे स्वतःला विचारावे. गावी मदत पाठवली जाते तेव्हाही ती बहुधा वडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या चषकासाठी जाते, कारण चषकावर नाव कोरता येते. पंचांचे मानधन, गोलाच्या जाळ्या, प्रथमोपचाराची पेटी, पाहुण्या संघाचे बसभाडे यांवर नाव कोरता येत नाही, पण साखळी चालते ती त्यांच्यावर.

हा सूर कोणाला उपदेशाचा वाटला असेल, तर त्याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागणे उचित ठरेल. दूर राहून गावाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्राध्यापकांवरचा कामाचा भार, क्रीडाशिक्षकांची रिक्त पदे आणि परीक्षांचे वेळापत्रक यांच्याशी झगडत जे लोक कोल्हापुरात फुटबॉल टिकवून आहेत, त्यांच्या कष्टापुढे येथील चर्चा फार हलकी आहे. मंडळांतही अनेक कुटुंबे न बोलता मदत करतात, हेही खरे आहे. म्हणूनच मागणी एवढीच आहे की, येत्या हंगामात आणखी एक चषक देऊ पाहणाऱ्या दात्याने तीच रक्कम आपल्या जुन्या महाविद्यालयाला साखळीच्या पहिल्या सात शनिवारांसाठी देऊ करावी आणि त्या बदल्यात नाव कोरण्याऐवजी छापील वेळापत्रक मागावे, म्हणजे पुढच्या मेळाव्यात एखाद्या मुलाने कोल्हापुरात फुटबॉल कधी असतो असे विचारले, तर त्याला तारीख सांगता येईल.